घाटात विजेवरची गाडी: रिजनवर किती विसंबावे आणि ब्रेकची निगा कशी राखावी

साताऱ्यात राहणाऱ्या आणि महाडजवळच्या गावी महाबळेश्वर-पोलादपूर दरम्यानच्या आंबेनळी घाटाने नेमाने ये-जा करणाऱ्या एका वाचकांनी असे विचारले आहे की, वीस वर्षे डिझेल गाडी चालवल्यानंतर आता विजेवरची गाडी घ्यावी असे मनात आहे, परंतु खालचा गिअर टाकण्याची सोय नसताना घाटात गाडी आवरते का, तिच्या ब्रेकवर भरवसा ठेवता येतो का, आणि ऐन पावसाळ्यात आडवाटेला ती बंद पडण्याची भीती कितपत खरी आहे. मी पुण्यात बरीच वर्षे ब्रेक आणि सस्पेन्शनच्या दुरुस्तीचे काम करतो आणि माझी घरची गाडीही विजेवरचीच आहे, त्यामुळे ही तिन्ही उत्तरे गॅरेजमध्ये उघडून पाहिलेल्या गाड्यांच्या आधारे देतो. यांतील ब्रेकचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून त्याचे उत्तर शोरूममध्ये नीट मिळत नाही, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

डिझेल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून घाट उतरवताना इंजिन गाडीला मागे ओढून धरते. विजेवरच्या गाडीत हेच काम मोटर करते. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर जनित्र बनते, चाकांच्या फिरण्यातून वीज तयार करते आणि ती बॅटरीत परत पाठवते. यालाच बोलण्यात रिजन म्हणतात. फरक असा की इंजिनाची ओढ कोणत्याही वेळी हुकमी मिळते, तर रिजनची ओढ मिळण्यासाठी तयार झालेली वीज ठेवायला बॅटरीत जागा असावी लागते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर गाडीचे नियंत्रण रिजन जवळजवळ बंद करते, आणि काल जी गाडी पाय उचलताच संथ होत होती तीच आज त्याच उतारावर मोकळी धावू लागते. घाटात विजेवरची गाडी चालवणाऱ्याने इतर सगळे विसरले तरी चालेल, पण ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी.

तुमच्या रस्त्याचाच हिशेब मांडून पाहू. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि पोलादपूर जवळजवळ कोकणाच्या सपाटीला, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरच्या घाटरस्त्यात गाडी बाराशे मीटरहून अधिक खाली येते. माणसे आणि सामान धरून १,६०० किलो वजनाच्या गाडीत या उंचीमुळे साठलेली ऊर्जा पाच युनिटांहून थोडी जास्त भरते. त्यांपैकी दोनेक युनिट टायरचे घर्षण आणि वारा खातो. उरलेल्या तीनेक युनिटांतील रूपांतरात होणारी घट वजा जाता साधारण दोन युनिट बॅटरीत परत येतात, आणि जे बॅटरीत जाऊ शकत नाही ते ब्रेकच्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर, उष्णता होऊन बाहेर पडते. हा आकडा किती मोठा आहे हे समजण्यासाठी एवढेच सांगतो की, हीच गाडी सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवली तर एका युनिटाचा जेमतेम सोळावा भाग ब्रेकला पेलावा लागतो.

म्हणून महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर गाडी चार्जिंगला लावून सकाळी शंभर टक्के भरलेल्या बॅटरीने आंबेनळी उतरायला निघणे ही टाळण्यासारखी गोष्ट आहे. तिथे ८० ते ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवावे. बऱ्याच नव्या गाड्यांत ही मर्यादा पडद्यावर किंवा मोबाइलवरून ठरवता येते आणि जुन्या गाडीत वेळेचा अंदाज घेऊन प्लग काढावा लागतो. साताऱ्याहून मात्र पूर्ण चार्ज करून निघायला काहीच हरकत नाही, कारण मेढ्यावरून जा किंवा पाचगणीवरून, सहाशे मीटरच्या आसपास चढाई आधी होते आणि घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत बॅटरीत भरपूर जागा झालेली असते. हिवाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी. वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात अशा पहाटे रात्रभर उघड्यावर उभी असलेली बॅटरी थंड असते, आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांतील लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या थंडीत वेगाने वीज स्वीकारत नाहीत, त्यामुळे चार्ज कमी असूनही पहिल्या काही किलोमीटरांत रिजन नेहमीपेक्षा मऊ जाणवते. बहुतेक गाड्यांत वीज किती येते-जाते हे दाखवणारी पट्टी किंवा काटा समोरच असतो. घाटाला लागण्याआधी एखाद्या लहान उतारावर पाय उचलून तो काटा परतीच्या बाजूला किती जातो हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

रिजन कमी मिळत आहे असे दिसले तर घाबरण्याचे कारण नाही, कारण साधे ब्रेक पूर्ण क्षमतेने हजर असतात. डिझेल गाडीतील शिस्तच इथे पाळायची. वेग आधीपासूनच कमी ठेवावा, ब्रेकवर पाय सतत टेकवून घासत उतरू नये, वळणापूर्वी ठामपणे दाबून वेग उतरवावा आणि मग पाय काढून डिस्कला वारा लागू द्यावा. जळका वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले तर रुंद जागा पाहून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. आणि इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून घाटात सोडण्याची जी जुनी सवय काही चालकांना आहे ती इथे पूर्णपणे सोडून द्यावी, कारण न्यूट्रलमध्ये रिजन मिळतच नाही आणि वाचत तर काहीच नाही.

रिजनला ब्रेक समजू नये असे मी शिकाऊ चालकांना वारंवार सांगतो. रिजन किती ओढावे याची पातळी चालकाला शून्य, सौम्य, मधली किंवा तीव्र अशी ठरवता येते. तीव्र पातळीवर ठेवलेले रिजन वेग सेकंदाला ताशी पाच ते सात किलोमीटरने उतरवते, तर कोरड्या डांबरावर पूर्ण दाबलेला ब्रेक तोच वेग सेकंदाला ताशी पंचवीस-तीस किलोमीटरने उतरवतो. शिवाय अगदी कमी वेगात मोटरची ओढ सरत जाते, म्हणून ज्या गाड्यांत एकाच पेडलवर पूर्ण थांबण्याची सोय नाही त्या शेवटच्या टप्प्यात हळूहळू पुढे सरकत राहतात. चालकाचा पाय महिनोन् महिने फक्त ॲक्सिलरेटरवर खाली-वर करत राहिला की अचानक कोणी आडवे आले असता तो पाय ब्रेककडे वळायला उशीर लागतो, हा खरा धोका आहे. बाजारपेठ, शाळेचा रस्ता, एसटी स्टँडचा परिसर अशा ठिकाणी ॲक्सिलरेटर सोडताच पाय ब्रेकच्या पेडलवर नेऊन नुसता टेकवून ठेवावा, दाबायची गरज पडो वा न पडो.

आता एक असा अनुभव सांगतो, ज्यामुळे नवा चालक हमखास दचकतो आणि ब्रेक निकामी झाले असे समजून गॅरेजमध्ये येतो. पावसात शेवाळलेल्या किंवा वाळू पसरलेल्या वळणावर, अथवा खड्ड्यांच्या ओळीवरून जाताना, पाय उचललेला असतो आणि गाडी रिजनवर संथ होत असते. एवढ्यात ओढणाऱ्या चाकांपैकी एक क्षणभर उडते किंवा घसरते. एबीएस, म्हणजे चाक जखडू न देणारी यंत्रणा, आणि स्थैर्य राखणारी यंत्रणा त्याच क्षणी मोटरची ओढ काढून घेते, कारण ती तशीच राहिली तर चाक आणखी घसरेल. चालकाला मात्र गाडीने एकदम पुढे उसळी घेतल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात गाडीचा वेग वाढलेला नसतो, तर तो कमी करणारा हात तेवढा सुटलेला असतो. अशा वेळी ब्रेक सरळ दाबावा, गाडी नेहमीप्रमाणे थांबते. रिजन फक्त ओढणाऱ्या चाकांवर चालते, साधा ब्रेक मात्र चारही चाकांवर लागतो, म्हणून निसरड्या रस्त्यावर रिजनची पातळी एक पायरी खाली आणून ब्रेकचा वापर वाढवणे मला जास्त सुरक्षित वाटते. आंबेनळीसारख्या घाटात मुसळधार पाऊस असेल तेव्हा मी स्वतः मधली पातळी ठेवतो.

मागे बसणाऱ्यांचाही विचार करायला हवा. तीव्र रिजनवर पाय भसकन उचलला की गाडी मान खाली घालते, पुन्हा दाबला की पुढे झेपावते, आणि घाटात अर्ध्या तासात मुलांना किंवा वयस्कर माणसांना गाडी लागते. पाय पूर्ण न उचलता हळूहळू सैल करत गेले तर तीच गाडी अत्यंत मऊ चालते, कारण गिअर बदलाचा धक्का नसतो. हे जमायला दोन-तीन आठवडे लागतात, तोपर्यंत सौम्य पातळी ठेवावी. मागच्या वाहनाला तुमचे मंदावणे दिसते का, अशी शंकाही बरेच जण काढतात. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या नियमावलीप्रमाणे पेडलला पाय न लावताही वेग सेकंदाला १.३ मीटर प्रतिसेकंदापेक्षा जास्त दराने घटत असेल तर ब्रेकचा दिवा लागलाच पाहिजे आणि ०.७ पेक्षा कमी दर असेल तर तो लागता कामा नये. आपली गाडी काय करते हे रात्री मागे कोणाला तरी गाडी घेऊन यायला सांगून एकदा पाहून घ्यावे.

रिजनमुळे ब्रेक पॅड दुप्पट-तिप्पट टिकतात हे खरे आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने कोकणात ये-जा करणाऱ्या गाड्यांचे ब्रेक न झिजता खराब होतात. पावसाळ्यानंतर किनारपट्टीवरून आलेली अशी गाडी लिफ्टवर घेऊन मागचे चाक काढले की डिस्कच्या कडेला गंजाची जाड कोर दिसते, मधला भाग खरखरीत असतो, आणि पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकतो, म्हणजे त्याची पकड गेलेली असते. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना ग्रीस वाळून अडकतात, मग आतला पॅड एकटाच डिस्कला घासत राहतो आणि अर्धा झिजतो, तर बाहेरचा जवळजवळ नवा राहतो. चालकाला यांतले काही जाणवत नाही, कारण रोजचे मंदावणे मोटर करत असते. ते जाणवते थेट त्या दिवशी, जेव्हा जोरात ब्रेक दाबण्याची वेळ येते आणि गाडी एका बाजूला ओढते.

यावरचा उपाय स्वस्त आहे. आठवड्यातून एकदा मोकळ्या, सपाट आणि कोरड्या रस्त्यावर रिजन शून्य पातळीला आणून ताशी पन्नास-साठच्या वेगावरून पाच-सहा वेळा ठामपणे ब्रेक लावावेत, म्हणजे डिस्कवरचा गंज घासून निघतो. गाडी धुतल्यावर किंवा पावसातून आल्यावर लगेच उभी करून ठेवण्याऐवजी शेवटच्या किलोमीटरभरात ब्रेक वापरून डिस्क कोरडी करावी. पावसाळा संपल्यावर चारही चाके काढून कॅलिपरच्या पिना साफ करून योग्य ते ग्रीस लावून घ्यावे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि मग गरम झाल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, म्हणून किलोमीटर कितीही कमी झाले असले तरी दोन वर्षांनी ते बदलावेच. सर्व्हिसच्या वेळी ‘पॅड भरपूर शिल्लक आहेत’ एवढ्या शेऱ्यावर समाधान मानू नये, तर चाक काढून दाखवायला सांगावे. इंजिन नसल्याने ब्रेक दाबताना पायाला मिळणारी मदत विजेवरच्या व्हॅक्यूम पंपाने किंवा विजेच्या बूस्टरने मिळते. ती मदत कधी बंद पडलीच तर पेडल कडक होते, पण पाइपातून तेलाच्या दाबाने चालणारा ब्रेक जात नाही. पायात सगळा जोर आणून दाबावा, गाडी थांबते.

आता बंद पडण्याबद्दल. लोक मोठ्या बॅटरीची आणि मोटरची चिंता करतात, पण रस्त्यात उभ्या राहिलेल्या ज्या गाड्या माझ्याकडे आल्या त्यांत बऱ्याच वेळा दोष १२ व्होल्टच्या लहान बॅटरीचा निघाला. ही बॅटरी साध्या गाडीतल्यासारखीच असते, आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे स्विच, कुलपे, संगणक आणि दिवे हे सगळे तिच्यावर चालते. ती खाली गेली की मोठ्या बॅटरीत ७० टक्के वीज असूनही गाडी जागची हलत नाही. डिझेल गाडीत ही बॅटरी मरू लागली की स्टार्टर कण्हू लागतो आणि आठवडाभर आधी सूचना मिळते. इथे स्टार्टर नसल्याने ती गुपचूप मरते. तिसऱ्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी तिची लोड टेस्ट, म्हणजे भार देऊन केलेली तपासणी, करून घ्यावी, टर्मिनलवर पांढरी बुरशी दिसली तर साफ करावी, आणि गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर डॅशकॅमसारखी बाहेरून जोडलेली उपकरणे काढून ठेवावीत.

दुसरे कारण सॉफ्टवेअरचे. पडद्यावर एखादी चूक दाखवून गाडी मर्यादित वेगात जाते किंवा चार्जिंग नाकारते, आणि गाडी बंद करून, दारे लावून दहा-पंधरा मिनिटे थांबून पुन्हा सुरू केल्यावर ठीक चालते, असे अनेकांनी अनुभवले आहे. असे झाले तर पडद्याचा फोटो काढून ठेवावा, कारण सर्व्हिस सेंटरला पोहोचेपर्यंत ती सूचना पुसलेली असते. तिसरे कारण गाडीत नसून भिंतीत असते. गावच्या घरी अर्थिंग नीट नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून बसतो आणि माणसे गाडीला दोष देतात. महाडजवळच्या घरी गाडी नेण्याआधी जाणत्या वायरमनकडून अर्थिंगचा खड्डा, १५ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि मीटरपासून योग्य जाडीची वायर एवढे करून घ्यावे. त्या सॉकेटवर रात्रभरात २५ युनिटांच्या आसपास वीज भरते. एक्स्टेन्शन बोर्ड वापरून कधीही चार्जिंग करू नये, तो वितळतो.

हे युनिट तुम्हाला परतीच्या वाटेवर लागणार आहेत. घाट उतरताना जवळजवळ काहीच खर्च होत नाही, परंतु पोलादपूरहून महाबळेश्वरला चढताना त्याच ४० किलोमीटरना नऊ युनिटांच्या आसपास लागतात, म्हणजे सपाटीवर साठ किलोमीटर जाण्याइतके. कागदावरची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाईल असे सांगितलेले अंतर, या रस्त्यावर उपयोगाची नाही. २०२० साली आलेल्या टाटाच्या पहिल्या नेक्सॉन ईव्ही या विजेवरच्या गाडीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती आणि तिची प्रमाणित रेंज ३१२ किलोमीटर, पण रोजच्या वापरात ती दोनशेच्या आसपास जात असे. माझ्या मते तुमच्या फेऱ्यांसाठी ४० युनिटांच्या पुढची बॅटरी घ्यावी, म्हणजे गावी वीज गेली तरी अडून राहावे लागणार नाही. गाडी पुढे समृद्धी महामार्गावर न्यायचा विचार असेल तर तिथे ताशी १२० ने जाताना ८० च्या तुलनेत वाऱ्याचा विरोध सव्वादोनपट होतो हे धरून चालावे.

पाण्याच्या भीतीबद्दलही स्पष्टपणे सांगतो. बॅटरीला मिळणाऱ्या आयपी-६७ मानांकनाचा अर्थ एवढाच की ती एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी जाऊ नये. चाकाच्या निम्म्याहून कमी पाण्यातून सावकाश जायला म्हणून अडचण येत नाही. परंतु जुलै २०२१ मध्ये महाडने पाहिला तसा पूर, ज्यात तासन् तास गढूळ पाणी उभे राहते, त्यासाठी ते मानांकन नाही. पुरात बुडालेली गाडी सुरू करू नये, चार्जिंगला लावू नये, घराच्या पडवीत न ठेवता मोकळ्यावर उभी करावी आणि कंपनीच्या तंत्रज्ञाशिवाय कोणालाही बॅटरीजवळ जाऊ देऊ नये. वाटेत गाडी बंद पडली तर दोर लावून ओढत नेऊ नये, कारण ओढणारी चाके जमिनीवर फिरली की मोटर वीज तयार करू लागते आणि मोटरच्या नियंत्रकाचे नुकसान होऊ शकते. तिला चारही चाके वर घेणारी फ्लॅटबेड गाडीच बोलवावी लागते, आणि घाटात ती पोहोचायला वेळ लागतो.

बहुतेक कंपन्या मोठ्या बॅटरीला आणि मोटरला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात, त्यामुळे त्या दोहोंची काळजी मी तुम्हाला करायला सांगणार नाही. गाडी ठरवण्याआधी मात्र साताऱ्यातल्या सर्व्हिस सेंटरला स्वतः जाऊन उच्च दाबाच्या विजेवर काम करण्याचे प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ तिथे रोज असतो की पुण्याहून बोलवावा लागतो हे विचारावे, आणि टेस्ट ड्राइव्हसाठी मिळालेली गाडी शहरात न फिरवता ८० टक्क्यांच्या आत चार्ज ठेवून मेढ्याच्या बाजूने घाट चढून-उतरून पाहावी. उतरताना प्रत्येक रिजन पातळीवर काही वळणे घ्यावीत आणि शेवटी एकदा शून्य पातळीवर नुसत्या ब्रेकने गाडी थांबवून पाहावी.